मैदान, परवाना आणि संहिता : भिलाई परिसरातील लोकनाट्याच्या संदर्भात

भारतीय भाषांतील नाट्याचा इतिहास लिहिताना नाटककार, संहिता आणि प्रयोग या तीन घटकांचा विचार प्रामुख्याने होतो. प्रयोग ज्या मैदानावर झाला ते कोणाच्या मालकीचे होते, कोणत्या अटींवर मिळाले, अनुज्ञा कोणी दिली, खर्च कोणी सोसला आणि रात्री किती वाजता पडदा पाडावा लागला, हे प्रश्न मात्र व्यवस्थापनाचे मानून अभ्यासक बाजूला ठेवतात. वस्तुतः या प्रश्नांचा संबंध वाङ्मयप्रकाराच्या घडणीशीच आहे. भिलाई आणि तिच्या पश्चिमेस असलेला मराठी सीमाप्रदेश यांच्या आधारे हा संबंध तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

सार्वजनिक कार्यक्रमांविषयीचे आपले नियम सामान्यतः तीन गोष्टी गृहीत धरतात. पहिली, प्रयोगापूर्वी लिहून तयार असलेली संहिता. दुसरी, ज्याच्याकडे बोट दाखविता येईल असा एक नोंदणीकृत आयोजक. तिसरी, ठरावीक वेळेत आणि शक्यतो बंदिस्त जागेत संपणारा कार्यक्रम. नागर रंगभूमी या तिन्ही गृहीतांत सहज बसते. कारण ही गृहीते तिच्याकडे पाहूनच तयार झालेली आहेत. छत्तीसगढचा नाचा, विदर्भाची खडी गंमत, झाडीपट्टीचे नाटक हे प्रकार त्यांत बसत नाहीत. परिणामी, कोणाही अधिकाऱ्याच्या मनात लोककलेविषयी आकस नसतानाही, नियम या प्रकारांची काटछाट करीत राहतात. अशी काटछाट बंदीइतकी ठळक नसल्यामुळे तिची नोंद वाङ्मयेतिहासात होत नाही.

१. भूमी

दुर्ग जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाड या, पुढे मध्य प्रदेश म्हणून ओळखल्या गेलेल्या, राज्यात होता आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्याहीपूर्वी सुमारे शतकभर छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. नाच्यातील प्रहसनाला ‘गम्मत’ हा शब्द आहे आणि पूर्व विदर्भात ‘खडी गंमत’ हा स्वतंत्र लोकनाट्यप्रकार आहे, हा योगायोग नव्हे. मराठ्यांच्या छावण्यांबरोबर आलेल्या करमणुकीचा नाच्यावर परिणाम झाला असावा, असे काही अभ्यासक मानतात. हे मत स्वीकारले वा न स्वीकारले, तरी दोन्ही प्रकारांत स्त्रीवेषधारी पुरुष, विनोदी पात्रांची जोडी, उत्स्फूर्त संवाद आणि रात्र उजाडेपर्यंत चालणारा खेळ ही लक्षणे समान आहेत. १९५६ मध्ये या एका सांस्कृतिक पट्ट्यातून भाषेची सीमा गेली. दुर्ग नव्या मध्य प्रदेशात गेले, विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ स्वतंत्र राज्य झाले.

याच काळात भिलाई उभी राहत होती. पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला तो २ फेब्रुवारी १९५५ रोजी, आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. कारखान्याबरोबर ‘सेक्टर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वस्त्या वसल्या. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली; मराठी कुटुंबेही आली आणि त्यांच्याबरोबर गणेशोत्सव, हौशी नाटक व भजनी मंडळे आली. परंतु गावच्या चौकाहून या वस्तीचे एक मूलभूत वेगळेपण होते. येथील जमीन कारखान्याची, सभागृह कारखान्याचे, प्रेक्षक बहुतांशी कारखान्याचे नोकर आणि सांस्कृतिक कार्यासाठी निधीही कारखान्याचाच. गावात नाचा बोलावताना गौंटियाची संमती आणि गावकऱ्यांची वर्गणी एवढे पुरेसे असे. येथे मैदानासाठी अर्ज करावा लागला. अर्ज करणारा कोण, हा प्रश्न त्या दिवशी प्रथमच उत्पन्न झाला.

आज या शहरात खुल्या जागी कार्यक्रम करू इच्छिणाऱ्या मंडळाला बहुधा पुढील वाट चालावी लागते. अनुदान हवे असेल तर संस्थेची नोंदणी हवी, आणि ती १९७३ च्या सोसायटी नोंदणी अधिनियमाखाली होते; मुळात मध्य प्रदेशाचा हा कायदा छत्तीसगढमध्ये पुढे चालू राहिला. मैदान वसाहतीच्या हद्दीतील असेल तर कारखान्याच्या नगर-सेवा विभागाची, अन्यत्र असेल तर महानगरपालिकेची वा जागामालकाची संमती लागते. ध्वनिवर्धकासाठी १९८५ च्या कोलाहल नियंत्रण अधिनियमाखाली विहित अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी लागते. शिवाय पोलीस ठाण्याला सूचना, तात्पुरती वीजजोडणी आणि अग्निसुरक्षेची पूर्तता ही कामे असतातच. यांतील कोणतीही एक अट अन्यायकारक म्हणता येणार नाही. पण या सर्व कागदांवर सही करणारा एक मनुष्य लागतो. नाचा-पार्टी हा मात्र गावोगावच्या शेतकरी, मजूर व कारागीर कलावंतांचा हंगामी मेळ असतो. तिला ‘साज’ असतो, वादक असतात, जोक्कड आणि परी असतात; सचिव आणि कोषाध्यक्ष नसतात. जी पार्टी सचिव नेमते ती हळूहळू ‘संस्था’ होते. संस्थेला अध्यक्षाच्या नावाने ओळखले जाते, आणि कलावंत तिचे सभासद न राहता मानधनावरचे निमंत्रित होतात.

२. संहिता

प्रयोगापूर्वी संहिता दाखविण्याची अट आपल्याकडे आली ती १८७६ च्या नाट्यप्रयोग अधिनियमाने. प्रिन्स ऑफ वेल्सच्या कलकत्ता भेटीनंतर ग्रेट नॅशनल थिएटरने केलेल्या उपहासात्मक प्रयोगांमुळे सरकारने प्रथम अध्यादेश काढला आणि वर्षअखेरीस कायदा केला, ही हकीकत परिचित आहे. त्याच्या दोन कलमांकडे मात्र वाङ्मयाभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. दहाव्या कलमानुसार, अधिसूचित प्रदेशात प्रयोगाच्या किमान तीन दिवस आधी, नाटक जेवढे लिखित असेल तेवढ्याची प्रत आणि जेवढे मूकाभिनयाचे असेल तेवढ्याचा पुरेसा आशय सरकारकडे देण्याची सक्ती करता येत असे. बाराव्या कलमाने धार्मिक उत्सवांतील यात्रा व तत्सम प्रयोग कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले. म्हणजे कायदा करणाऱ्यांना एवढे ठाऊक होते की, सर्वच नाट्य लिखित नसते आणि उत्सवातील नाट्य ही नाट्यगृहातील नाट्याहून निराळी वस्तू आहे. जुलमी म्हणून योग्यच निंदिलेल्या या कायद्यात प्रकारभेदाचे हे भान होते. उत्तरकाळी स्वदेशी नियमांत ते विरळ होत गेले.

मराठी रंगभूमीला या कायद्याचा चटका बसला तो खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली तेव्हा. राजकीय आशय पौराणिक कथेत दडविता येतो हे तेव्हा सरकारच्या ध्यानी आले. स्वातंत्र्यानंतर अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९५६ मध्ये हा कायदा राज्यघटनेशी विसंगत ठरविला. लखनौमध्ये ‘इप्टा’ने १९५३ साली केलेल्या प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’वरील प्रयोगातून ते प्रकरण उद्भवले होते. तरीही कायदा पुस्तकात राहिला, आणि २०१८ मध्येच तो अखेर निरसित झाला.

मुंबई राज्याने मात्र निराळा मार्ग धरला. स्वातंत्र्यानंतर तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी आली; ती उठली तेव्हा सुधारणेच्या अटी जोडल्या गेल्या. पुढे पोलीस कायद्याखालील नियमांच्या आधारे प्रयोगपूर्व परिनिरीक्षण करणारे मंडळ आले आणि लिहिलेली संहिता सादर करून प्रमाणपत्र घेणे हा मराठी नाटकाचा नित्यक्रम झाला. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’चे प्रकरण १९७२ मध्ये उच्च न्यायालयात गेले आणि कमलाकर सारंगांनी त्याची कहाणी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात सांगितली, हे मराठी वाचकांना सांगावयास नको. २०१६ मध्ये अमोल पालेकर यांनी ही पूर्वपरीक्षणाची पद्धतच मुंबई उच्च न्यायालयात आव्हानित केली. या साऱ्या वादांत एक गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य होती : नाटक म्हणजे एक लिखित मजकूर, आणि प्रश्न त्यातील कोणती वाक्ये राहावीत एवढाच. वगातील हजरजबाबी बतावणी आज एक, उद्या दुसरी असते. तिचे काय, हा प्रश्न न्यायालयासमोर गेलाच नाही. फडमालकाने त्यावर व्यवहारी तोडगा काढला. मंजुरीसाठी एक वही, आणि रंगमंचावर त्या रात्रीचा खेळ.

या पार्श्वभूमीवर ‘चरणदास चोर’ची जन्मकथा महत्त्वाची ठरते. हबीब तन्वीर रायपूरचे. १९५८ मध्ये त्यांनी छत्तीसगढी नाच्यातील सहा कलावंतांना ‘मिट्टी की गाडी’साठी दिल्लीस नेले आणि १९५९ मध्ये ‘नया थिएटर’ची स्थापना केली. विजयदान देथा यांच्या राजस्थानी कथेवर त्यांनी १९७४ च्या सुमारास भिलाईतील एका कार्यशाळेत काम सुरू केले. तिथल्या मैदानावर सतनामी समाजाचा रात्रभराचा मेळावा होता. तिथे तासाभराहून लहान, अपुरा, अजून पक्के नावही न ठरलेला हा खेळ ‘चोर चोर’ म्हणून सादर झाला. सत्य बोलण्याचे व्रत घेणारा चोर, आणि सत्यनामाचा उच्चार करणारे प्रेक्षक! पंथी नृत्य व गीते नाटकात आली ती या भेटीतून. १९७५ मध्ये नाटकाने पूर्ण रूप घेतले, त्याच वर्षी श्याम बेनेगल यांनी त्यावर चित्रपट केला, आणि १९८२ मध्ये एडिंबरोच्या महोत्सवात त्याला ‘फ्रिंज फर्स्ट’ हा पुरस्कार मिळाला.

त्या भिलाईच्या रात्री कोणी संहिता मागितली असती तर ती देता आली नसती. नटांपैकी अनेकांचा लिहिण्या-वाचण्याशी फारसा संबंध नव्हता. संवाद तोंडी घडत होते. नाटकाचा शेवट ठरत होता तो प्रेक्षकांच्या समोर. लेखी पूर्वपरीक्षणाच्या व्यवस्थेत ‘चरणदास चोर’ हे नाटक या रीतीने जन्मालाच आले नसते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

पुढे नाटक छापले गेले आणि वाचले जाऊ लागले. तन्वीर यांचे निधन ८ जून २००९ रोजी झाले. त्यानंतर दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सतनामी समाजातील काहींच्या आक्षेपावरून छत्तीसगढ शासनाने या नाटकाच्या पुस्तकाविरुद्ध बंदीची कारवाई केली. ज्या समाजाच्या मेळाव्यात नाटकाने पहिला श्वास घेतला, त्याच समाजाच्या नावाने ते रोखले गेले. आक्षेप घेणाऱ्यांची वेदना खोटी होती असे येथे सुचवावयाचे नाही. दलित समाजाला आपले चित्रण कोणी करावे याविषयी प्रश्न विचारण्याचा अधिकार आहेच. परंतु भिलाईच्या मैदानावर हा प्रश्न प्रेक्षक तिथल्या तिथे विचारू शकत होते आणि नट दुसऱ्या रात्री खेळ बदलू शकत होते. छापील पानाशी असे भांडण करता येत नाही. ते राहू द्यावे किंवा काढून टाकावे, एवढेच दोन मार्ग उरतात. बंदीला हाती धरता येते ती स्थिर झालेली वस्तू. मौखिक प्रकार संहितेत उतरतो तेव्हा त्याला आयुष्य मिळते आणि त्याच वेळी तो बंदीच्या टप्प्यात येतो, हा या प्रकरणाचा अर्थ होय.

३. रात्र

संहितेहूनही खोल परिणाम केला आहे तो वेळेच्या नियमाने. केंद्र सरकारच्या २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या काळात ध्वनिवर्धक वापरता येत नाही. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. २०१० च्या दुरुस्तीने ध्वनिवर्धकाबरोबर ध्वनी निर्माण करणारी साधने आणि वाद्येही रात्रीच्या निर्बंधाखाली आली. अपवाद आहे तो बंदिस्त जागेचा : प्रेक्षागृह, परिषदगृह, समाजमंदिर, मेजवानीचे सभागृह. आणखी एक अपवाद असा की, सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांच्या निमित्ताने राज्य शासन वर्षातून एकूण पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्री बारापर्यंत सवलत देऊ शकते.

या नियमांमागील कारण क्षुल्लक नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी दिलेल्या निर्णयामागील याचिकेत, एका अत्याचारित बालिकेचा आक्रोश ध्वनिवर्धकांच्या गोंगाटात बुडून गेल्याचा उल्लेख होता. रुग्ण, विद्यार्थी, वृद्ध यांचा शांततेचा हक्क खरा आहे. भिलाईसारख्या तीन पाळ्यांच्या शहरात तर झोप ही कामगाराच्या सुरक्षिततेची बाब आहे; भट्टीवर काम करणाऱ्याला रात्रीची शांतता नाकारण्याचा अधिकार कोणत्याही कलेला नाही.

तथापि बंदिस्त जागेच्या अपवादाकडे प्रकारभेदाच्या दृष्टीने पाहिले की निराळे चित्र दिसते. सभागृहातील नाटक रात्री अकराला संपले तरी नियमभंग होत नाही. उघड्या मैदानावरील नाचा दहाला थांबला पाहिजे, आणि नाचा जेवणे आटोपून लोक जमल्यावर, म्हणजे साधारण त्याच सुमारास, सुरू होत असे. प्रारंभीची वादकांची जुगलबंदी, मग परीचे आगमन व नृत्य, जोक्कडांचा प्रवेश, एकामागून एक गम्मती आणि पहाटेकडे झुकणारा गंभीर सूर, ही त्याची रचना रात्रीच्या प्रहरांशी बांधलेली आहे. मध्यरात्रीपूर्वीचा विनोद आणि पहाटेपूर्वीचा विनोद एक नसतो. दीड तासाच्या नाच्यात गम्मत राहते, परीही राहते. प्रहर मात्र राहत नाहीत.

हे केवळ लोककलेपुरते खरे नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या जुन्या श्रोत्यांनी रात्रभराच्या बैठका अनुभवल्या आहेत. वेळेच्या निर्बंधानंतर त्या महोत्सवाला आपले वेळापत्रक बदलावे लागले. उत्तररात्रीचे व पहाटेचे राग आपल्या वेळी ऐकण्याचा प्रसंग दुर्मिळ झाला. अभिजात संगीताच्या बाबतीत या हानीची चर्चा झाली, कारण तिथे रागसमयाचे शास्त्र लिहिलेले आहे. नाच्याचे प्रहरशास्त्र कोणी लिहून ठेवले नाही; म्हणून त्याची हानी ‘कार्यक्रम थोडा आटोपशीर झाला’ एवढ्याच शब्दांत सांगितली जाते.

४. सीमेपलीकडे झाडीपट्टी

भिलाईहून पश्चिमेस राजनांदगाव ओलांडले की गोंदिया जिल्हा लागतो. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या भातशेतीच्या जंगलपट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते आणि तिच्याबरोबर नाटकाचा हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंज हे नाट्यमंडळ्यांचे केंद्र आहे. गावातील मंडळ कंपनीला ठरावीक रक्कम देऊन बोलावते, शेतात मंडप घालते, तिकिटे लावते आणि उरलेल्या पैशांतून मंदिर, शाळा वा गावचे एखादे काम उभे करते. नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपते. दूरच्या गावांहून आलेल्या प्रेक्षकांना परतायला उजेड लागतो, हे त्याचे एक साधे कारण आहे. या रंगभूमीवरील कार्याबद्दल डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

झाडीपट्टीची अर्थव्यवस्था अनुदानावर नव्हे, प्रेक्षकावर उभी आहे. म्हणूनच येथे नियमांचा परिणाम लगेच हिशेबात उतरतो. मंडईला शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, जोड असे. दिवसा पट पाहायला आलेला माणूस रात्री नाटकाला थांबे. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मे २०१४ च्या निर्णयानंतर शर्यती थांबल्या तेव्हा नाटकाचा एक आधार गेला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी महाराष्ट्राचा सुधारित कायदा घटनापीठाने ग्राह्य ठरविला. प्राण्यांच्या छळाचा प्रश्न येथे गौण मानण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, बैलांविषयीच्या एका निर्णयाचा मराठी रंगभूमीच्या एका शाखेवर परिणाम झाला आणि तो नाट्यसमीक्षेच्या कक्षेत आला नाही.

नाचा आणि झाडीपट्टी यांची तुलना केल्यास दिसते की, जिथे गाव स्वतः आयोजक आहे तिथे रात्र अजून बरीचशी टिकून आहे. जिथे कारखाना, शासन वा महोत्सव समिती आयोजक झाली तिथे कलावंताला स्थैर्य मिळाले आणि प्रकार आखूड झाला.

५. आश्रय

या स्थैर्याचे मोल मात्र कमी लेखता कामा नये. भिलाई पोलाद कारखान्याने १९७० च्या दशकापासून छत्तीसगढी लोककलांचा महोत्सव भरविला आणि अनेक लोककलावंतांना नोकऱ्या दिल्या. गनियारीच्या तीजनबाई पंडवानी गायिका म्हणून जगभर गेल्या. त्यांनाही या कारखान्याच्या नोकरीचा आधार होता. पद्मश्री, २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण असे सन्मान त्यांना मिळाले. उभे राहून गाण्याच्या कापालिक शैलीत स्त्रीने पंडवानी सादर करणे समाजाला रुचत नव्हते अशा काळात, गावाच्या रोषापासून अलिप्त असा आश्रय मिळाला नसता तर काय झाले असते, हे सांगणे कठीण आहे. गावाचे आयोजकत्व नेहमीच मुक्तिदायी असते, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

परंतु महोत्सवाच्या मंचावर पंडवानी येते ती एका प्रसंगापुरती. दुःशासनवध किंवा कीचकवध सादर होतो आणि टाळ्यांत पुढचा कलावंत येतो. कथेचा सलग प्रवाह, रात्रीमागून रात्री वाढत जाणारे महाभारत, प्रेक्षकाच्या मनातून पुसट होत जाते.

अनुदानाच्या योजनांची रचनाही अशीच आहे. संगीत नाटक अकादमी १९५३ मध्ये सुरू झाली. नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र १९८६ मध्ये स्थापन झाले आणि छत्तीसगढ व महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये त्याच्या कक्षेत आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या १३५ व्या कलमानुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावी लागते, आणि त्या कार्यांच्या सूचीत कला व संस्कृतीचा समावेश आहे. मात्र केवळ नोकर व त्यांच्या कुटुंबांच्या लाभाचा कार्यक्रम त्यात धरला जात नाही. म्हणजे वसाहतीतील रहिवाशांसाठीचा उत्सव हा कल्याणखर्च, तर भोवतीच्या गावातील नाचा हे सामाजिक दायित्व, अशी विभागणी हिशेबात होते. कलावंत तेच असू शकतात.

करव्यवस्थेतही प्रकारभेद शिरला आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात, लोककला वा अभिजात कला सादर करणाऱ्या कलावंताचे प्रति प्रयोग दीड लाख रुपयांपर्यंतचे मानधन करमुक्त ठरले. नाटकाच्या तिकिटाची करमुक्त मर्यादा २०१८ मध्ये २५० वरून ५०० रुपये झाली. तसेच १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, हौशी मंडळाने पैसे न घेता प्रेक्षकांपुढे केलेला प्रयोग हक्कभंग ठरत नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मंडळांना गणेशोत्सवात एखादे गाजलेले नाटक करता येते ते या सवलतीमुळे. तिकीट लावले की लेखकाची परवानगी लागते. त्यामुळे अशा मंडळांचे नाटक बहुधा विनामूल्य राहते, आणि विनामूल्य राहिल्यामुळे ते देणगीदारावर अवलंबून राहते.

६. जमाव

परवान्याची आणखी एक बाजू आहे. शंकर गुहा नियोगी यांच्या छत्तीसगढ मुक्ति मोर्चाने दल्ली-राजहरा येथील खाणकामगारांत ‘नवा अंजोर’ हे सांस्कृतिक पथक उभे केले आणि १९ डिसेंबर हा वीर नारायणसिंह यांचा हुतात्मादिन साजरा करण्याची प्रथा रूढ केली. या पथकाचे गीत आणि नाट्य कामगारसभेचाच भाग होते. अशा ठिकाणी अधिकाऱ्यापुढे प्रश्न कलेचा नसतो, जमावाचा असतो. आणि जमावबंदीचे १४४ वे कलम (१ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचे १६३ वे) नाटक व निदर्शन यांत भेद करीत नाही. नियोगी यांची भिलाईत २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. त्या वर्षांत भिलाईच्या मैदानावर गाणे म्हणणे हा सांस्कृतिक कार्यक्रम होता की सभा, याचे उत्तर परवाना देणाऱ्याच्या हाती होते.

उलट दिशेनेही हा प्रश्न येतो. नाच्यातील जुन्या प्रहसनावर आधारलेल्या ‘पोंगा पंडित’चे प्रयोग २००३ मध्ये मध्य प्रदेशात ठिकठिकाणी उधळले गेले. प्रयोगाला मनाई नव्हती. विरोध करणाऱ्यांचा जमाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रंगराजन प्रकरणात स्पष्ट केले होते की, निदर्शनांच्या वा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येत नाही. तिचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. परवाना म्हणजे केवळ अनुमती नव्हे, तर संरक्षणाचे वचनही आहे, असा या निर्णयाचा अर्थ लावला पाहिजे. ज्या मंडळाने सर्व अटी पाळल्या त्याला तिसऱ्याच्या धमकीमुळे अर्ध्यावर खेळ थांबवावा लागत असेल, तर त्या अटींचा करार एकतर्फी राहतो.

७. उपसंहार

या विवेचनावरून नियम नसावेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. नियमांतच काही वाटा आहेत. वर्षातील पंधरा दिवसांची सवलत ठरविताना शासन सणांबरोबर लोकनाट्याच्या हंगामाचाही विचार करू शकते. वस्तीपासून दूरची, रुग्णालये नसलेली मैदाने त्यासाठी निश्चित करता येतील. जिथे आशय सादर करण्याची अट असेल तिथे, १८७६ च्या कायद्यालाही जे कळले होते ते मान्य करून, अलिखित प्रकारासाठी कथासार पुरेसे मानता येईल. अनुदान देणाऱ्या संस्थांना मंचावरील वीस मिनिटांऐवजी गावातील एका पूर्ण रात्रीला साहाय्य देता येईल, आणि अर्जावर संस्थेच्या अध्यक्षाबरोबर कलावंतांची नावे मागता येतील.

अभ्यासकांचे काम याहून निराळे आहे. आज उपलब्ध असलेल्या नाच्याच्या ध्वनिचित्रफिती, महोत्सवांचे वृत्तान्त आणि छापील संहिता हीच या प्रकाराची साधने मानून उद्या प्रबंध लिहिले जातील. त्यांत नाचा हा दीड तासाचा, ठरावीक संवादांचा, विनोदप्रधान प्रकार म्हणून वर्णिला जाईल, आणि ते वर्णन साधनांशी प्रामाणिकच असेल. ही लांबी कोणी ठरविली, ते संवाद कशामुळे ठरावीक झाले आणि पहाटेचा गंभीर भाग कोठे गेला, हे त्या साधनांत सापडणार नाही. ते सापडेल मैदानाच्या अर्जांत, परवान्यावरील अटींत, अनुदानाच्या हिशेबांत आणि ज्यांनी पूर्ण रात्रीचा खेळ केला आहे अशा वृद्ध कलावंतांच्या आठवणीत. कागद दप्तरात काही काळ राहतील. आठवणी सांगणारी माणसे मात्र फार काळ थांबणार नाहीत. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून व्हावी.